अहिंसेचा उत्तरार्ध : सोपाऱ्यापासून सिद्धगडापर्यंत

अहिंसा हा श्रेष्ठ धर्म होय, अशा अर्थाचा महाभारतांतील चरण ज्यास ठाऊक नाहीं असा मराठी वाचक विरळा. अलीकडे या चरणास एक उत्तरार्ध जोडून म्हणण्याचा प्रघात पडला आहे. त्याचा भावार्थ असा कीं, धर्मासाठीं केलेली हिंसाहि तितकीच श्रेष्ठ होय. सभांतून, पत्रकांतून आणि भिंतींवरूनहि हा जोडश्लोक व्यासांच्या नांवावर चालला आहे. आमच्या कसाऱ्यास शाळेंत जाणारीं मुलेंहि तो म्हणून दाखवितात. तो कोणत्या पर्वांतला, असें विचारलें म्हणजे उत्तर येत नाहीं, व तें येणें शक्यहि नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ मध्यें आरंभिलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ मध्यें पुरी झाली. तींत मूळ चरण आदि, वन व अनुशासन या पर्वांत आढळतो. हा जोड उत्तरार्ध मात्र तींत कोठेंहि नाहीं.

मग त्या चरणापुढें खरोखर काय आहे? आदिपर्वांत तो एका सर्पाच्या तोंडीं आहे. पत्नीस साप चावल्यामुळें दिसेल तो साप मारीत सुटलेल्या रुरूस एक निरुपद्रवी डुंडुभ हा धर्म सांगतो. अनुशासनपर्वांत पुढें दम, दान, तप इत्यादिकांशीं अहिंसेचें ऐक्य सांगितलें आहे. वनपर्वांत तर बोलणारा मिथिलेंतील मांस विकणारा व्याध आहे, आणि तो अहिंसेस श्रेष्ठ म्हणून लगेच सांगतो कीं, हा धर्म सत्यावर अधिष्ठित आहे. म्हणजे उत्तरार्ध हवाच असेल तर तो व्यासांनीं दिलेलाच आहे. त्यांत हिंसेची सूट नसून सत्याची अट आहे. प्रस्तुत लेखांत या अटीचा व एकंदर अहिंसाधर्माच्या मर्यादेचा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं फार लांब जाण्याचें कारण नाहीं. शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत आणि त्यांच्या वाटांवर या प्रश्नाचीं बहुतेक सर्व अंगें दगडांत, पोथींत किंवा लोकांच्या स्मरणांत राहिलेलीं आहेत.

प्राचीन अपरांतांतून देशावर चढणाऱ्या दोन मोठ्या वाटा या भागांतून जातात. एक कसाऱ्याजवळ थळघाट चढून नाशिकाकडे, व दुसरी मुरबाड तालुक्यांतील वैशाखऱ्यावरून नाणेघाटानें जुन्नराकडे. पहिलीचें बंदराकडील टोंक म्हणजे सोपारें. तेथें १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि जवळच भुईगांव येथें १९५६ मध्यें नवव्याचा. आठव्या लेखाचा विषय आमच्या प्रश्नास अगदीं लागू आहे : पूर्वीचे राजे मृगयेसाठीं विहारयात्रा करीत, हा राजा त्यांऐवजीं धर्मयात्रा करूं लागला. नवव्यांत लोक करतात त्या निरनिराळ्या मंगलविधींपेक्षां प्राण्यांविषयीं संयम, दास व सेवक यांशीं नीट वर्तणूक अशा आचरणास खरें मंगल म्हटलें आहे.

येथवर अशोक सर्वांस परिचित आहे. परंतु त्याचे इतर लेख जोडीला ठेवले पाहिजेत. पहिल्या लेखांत तो सांगतो कीं, पूर्वीं राजाच्या पाकशाळेंत रोज लक्षावधि प्राणी मारले जात. आतां दोन मोर व एक हरिण एवढेच मारले जातात, त्यांतहि हरिण नेमानें नव्हे, आणि पुढें हेहि मारले जाणार नाहींत. ज्या राजानें एवढी घोषणा दगडावर कोरविली, त्यानेंच त्या दोन मोरांचा हिशेबहि कोरविला, याबद्दल आम्हांस त्याचा विशेष आदर वाटतो. तेराव्या लेखांत कलिंगयुद्धाचा पश्चात्ताप आहे. पण त्याच लेखांत अटवींतील म्हणजे रानांतील लोकांस असेंहि बजावलें आहे कीं, राजा पश्चात्ताप पावला असला तरी त्याचें सामर्थ्य गेलेलें नाहीं. त्यांनीं वेळींच लाज धरावी, नाहीं तर मारले जातील. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली यांच्या पाड्यांतून हिंडणाऱ्यास हें वाक्य वाचतांना थबकावें लागतें. अशोकाची अहिंसा राजदंड खालीं ठेवीत नाहीं. ती दंडाचा उपयोग शेवटीं ढकलते, इतकेंच. अटवींतल्या लोकांचें त्यावर काय म्हणणें होतें, तें कोणीं कोरून ठेवलें नाहीं.

दुसऱ्या वाटेच्या माथ्यावर नाणेघाटाचें लेणें आहे. सातवाहन राणी नागनिकेच्या तेथील लेखाची माहिती साइक्स यानें १८२८ मध्यें दिली व ब्यूलर यानें १८८३ मध्यें त्याचें वाचन प्रसिद्ध केलें. लेख पुष्कळ ठिकाणीं तुटलेला आहे. तरी त्यांत अश्वमेधासह अनेक श्रौत यज्ञ व त्यांच्या दक्षिणा नोंदल्या आहेत. अग्न्याधेयास १२ गाई व १ घोडा, अन्वारंभणीयेस १७०० गाई व १० हत्ती, असा तो हिशेब चालतो. यावरून कित्येक लेखकांनीं सोपाऱ्याच्या अहिंसेस नाणेघाटानें उत्तर दिलें, असें सुचविलें आहे. आम्हांस हें पटत नाहीं. लेखांतील आंकडे दिलेल्या जिवंत जनावरांचे आहेत, मारलेल्या पशूंचे नाहींत. अश्वमेधांत पशुवध होतो, हें खरें; पण लेखाचा रोख दानावर आहे. शिवाय लेखाच्या आरंभीं प्रथम वंदन केलें आहे तें धर्मास, मग इंद्र, संकर्षण, वासुदेव इत्यादिकांस. आणि राणीचें वर्णन महिना महिना उपवास करणारी, घरीं राहून तपस्विनीसारखी वागणारी असें आहे. यज्ञ आणि तप एकाच स्त्रीच्या ठायीं, एकाच भिंतीवर आहेत. त्यांच्यांत झगडा आहे असें कोरविणाऱ्यास वाटत होतें, याचा पुरावा लेखांत नाहीं.

झगडा शास्त्रकारांनीं पाहिला, आणि मोठ्या बारकाईनें पाहिला. मीमांसकांचें म्हणणें असें कीं, प्राणी मारूं नये हा सामान्य नियम आहे, अमुक यज्ञांत अमुक पशु आलभावा हा विशेष आहे, आणि विशेषानें सामान्याचा संकोच होतो. सबब यज्ञांतील वध ही हिंसाच नव्हे. सांख्यांनीं हें मानलें नाहीं. वाचस्पतिमिश्रांनीं सांख्यकारिकेवरील टीकेंत दाखविलें कीं, दोन्ही वाक्यांचे विषयच निराळे आहेत. एक सांगतें कीं हिंसा पुरुषास अनर्थकारक आहे. दुसरें सांगतें कीं हा पशु यज्ञास उपकारक आहे. दोन्ही एकाच वेळीं खरीं असूं शकतात. यज्ञ पुरा होईल, आणि पापहि लागेल. आमच्या मतें अहिंसेच्या विचारांत याहून प्रामाणिक वाक्य क्वचितच सांपडेल. कर्तव्य केल्यानें त्यांतील दोष धुऊन निघतो, असें त्यांत म्हटलेलें नाहीं. दोष आहे म्हणून कर्तव्य टाकावें, असेंहि नाहीं. वेदान्तसूत्रांवरील भाष्यांत आचार्यांनीं पक्ष मात्र मीमांसकांचा घेतला आहे. पुढें निबंधकारांनीं अश्वमेधादि कर्में कलिवर्ज्यांत घालून वाद व्यवहारांतून काढून टाकला; तो तत्त्वतः सुटला असें नाहीं.

या निबंधकारांपैकीं एक तर आमच्या प्रांताचा राजाच होता. बाराव्या शतकांत स्थानक म्हणजे ठाणें येथून उत्तर कोंकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांपैकीं अपरादित्य यानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मोठी टीका लिहिली. ती अपरार्क या नांवानें प्रसिद्ध असून पुण्याच्या आनंदाश्रमानें १९०३-०४ मध्यें दोन भागांत छापली. त्याचा दूत तेजकंठ काश्मिरांत गेल्याचा उल्लेख मंखाच्या श्रीकंठचरितांत आहे, व कोंकणच्या या राजाचा ग्रंथ काश्मिरांत प्रमाण कसा झाला, याची संगति म. म. पां. वा. काणे यांनीं त्याच उल्लेखावरून लाविली. याज्ञवल्क्यानें सर्व मनुष्यांस साधारण असे जे नऊ धर्म सांगितले आहेत, त्यांत पहिली अहिंसा आहे. मनूनें चारी वर्णांस सांगितलेल्या पांचांतहि पहिली तीच. कौटिल्यासारखा दंडनीतीचा आचार्यसुद्धां सर्वसाधारण धर्म मोजतांना अहिंसेपासूनच आरंभ करतो. तेव्हां अहिंसा ही यतींची किंवा श्रमणांची खाजगी मत्ता होती, हें म्हणणें टिकत नाहीं. ज्याच्या हातीं दंड होता असा राजा, सर्वांस लागू असा अहिंसाधर्म सांगणाऱ्या स्मृतीवर भाष्य लिहीत बसला होता, हें दृश्य वाचकांनीं मनांत आणावें.

आतां साधारण धर्म म्हटला म्हणजे तो शेतकऱ्यासहि लागू. आमच्याकडे भातशेतीपूर्वीं राब भाजतात. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत वाफ्यावर पसरून पेटवितात, आणि त्या राखेंत पावसाच्या तोंडीं भाताचें बीं पेरतात. मुंबई सरकारच्या जंगल कमिशनानें १८८७ मध्यें दिलेल्या अहवालांत ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील या राबाचा प्रश्न मुख्य होता. सरकारास झाडांची काळजी होती. पण त्या जाळांत मुंग्या, अळ्या, किडे किती जातात, त्याची गणति नाहीं. मिथिलेच्या व्याधानें कौशिक ब्राह्मणास हेंच ऐकविलें आहे : नांगर चालला कीं भूमींतले जीव मरतात, बीं म्हणजेहि जीवच, चालतांना पायाखालीं जीव येतात, पूर्ण अहिंसक असा या जगांत कोण आहे? शांतिपर्वांत अर्जुन याहि पुढें जाऊन पापणी लवण्यानें मरणाऱ्या सूक्ष्म जीवांची गोष्ट काढतो, व लोकमान्य टिळकांनीं १९१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या कर्मजिज्ञासेच्या प्रकरणांत ती उचलली आहे.

परंतु अर्जुन व व्याध यांच्या बोलण्यांत एक भेद आहे, तो पुष्कळदां सुटतो. अर्जुन युधिष्ठिरास राज्य घ्यावयास लावण्यासाठीं बोलत आहे. हिंसा अटळ, म्हणून दंड धरावा, असा त्याचा रोख. व्याधाचा रोख उलट आहे. हिंसा अटळ, म्हणून अहंकार सोडावा आणि जेवढी टाळतां येईल तेवढी टाळावी. तो स्वतः प्राणी मारीत नाहीं, मांस खात नाहीं. दुसऱ्यानें मारलेलें विकतो, आणि त्यांतहि दोष आहे असें कबूल करतो. समोर उभा असलेला तपस्वी मात्र अंगावर विष्ठा टाकणाऱ्या बगळीस रागाच्या नजरेनें मारून आलेला आहे. खाटीक कोण व अहिंसक कोण, हें कथाकारानें वाचकावरच सोडलें आहे.

मनूनेंहि गृहस्थाच्या घरांत हिंसेचीं पांच स्थानें मोजलीं आहेत : चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. त्यांच्या निष्कृतीसाठीं पंचमहायज्ञ सांगितले. येथें लक्षांत ठेवण्याजोगें हें कीं, मनूनें चूल विझविण्यास सांगितलें नाहीं, आणि चुलींतील हिंसा ही हिंसा नव्हे असेंहि म्हटलें नाहीं. हिशेब ठेवावयास सांगितला. पोथीसंग्राहकांस आणखी एक सहावें स्थान आहे, तें म्हणजे पोथ्यांचें कपाट. वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा पाला रुमालांत ठेवला तर कसर दूर राहते; डांबराच्या गोळ्या व विषारी धूर यांनीं ती मरते. जुन्यांची रीत दूर ठेवण्याची होती, ती केवळ साधन नव्हतें म्हणून, कीं आणखी कांहीं मनांत होतें म्हणून, हें सांगतां येत नाहीं. अहिंसेवरील पोथी वाचविण्यासाठीं कसर मारावी लागते, हें मात्र आम्हीं अनेकदां केलेलें आहे.

योगशास्त्रानें हा हिशेब सर्वांत कडक लाविला. पतंजलीच्या मतें अहिंसादि यम जाति, देश, काल व प्रसंग यांनीं मर्यादित नसतील तरच त्यांस महाव्रत म्हणावें. भाष्यकारानें उदाहरणें दिलीं आहेत तीं चटकदार आहेत. कोळी म्हणतो, मी मासे सोडून दुसरें कांहीं मारीत नाहीं. कोणी म्हणतो, तीर्थांत मारणार नाहीं. कोणी, चतुर्दशीस मारणार नाहीं. क्षत्रिय म्हणतो, युद्धाखेरीज मारणार नाहीं. हीं सर्व व्रतेंच आहेत, पण मर्यादित. महाव्रत नव्हेत. पुढें हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली व अनुमोदन दिलेली अशी तीन प्रकारची. तीं लोभानें, क्रोधानें किंवा मोहानें. तींहि मृदु, मध्य, तीव्र. असे २७ भेद करून भाष्यकार त्यांचे पुन्हां ८१ करतो. या ८१ प्रकारांत, आपणांस धर्म घडेल या समजुतीनें केलेली हिंसा भाष्यकारानें मोहाच्या कप्प्यांत घातली आहे. अनुमोदनाचाहि कप्पा आहे, आणि भिंतीवरील श्लोक वाचून मान डोलविणारा त्यांत सांपडतो.

मराठींत या विषयाचा सर्वांत विस्तृत विचार ज्ञानेश्वरांनीं केला. गीतेच्या तेराव्या अध्यायांत ज्ञानाच्या लक्षणांत अहिंसा हा एक शब्द आला आहे. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरींत त्यावर ओव्यांमागून ओव्या आहेत. आधीं ते इतर मतें घेतात. पावसासाठीं पशु मारून यज्ञ करणारे, एका जीवासाठीं दुसरे जीव आणि झाडांचीं मुळें-साली काढणारे वैद्य, पाणी गाळतांना त्यांतले जीव गाळण्यांत मारणारे, हिंसेच्या भयानें दाणा न शिजविणारे. कोणासहि सोडलेलें नाहीं. झाडाच्या फांद्या तोडून त्याच्याच बुंध्यास कुंपण करावें, तशी ही अहिंसा, असा त्यांचा उपरोध आहे. मग स्वतःचें मत सांगतांना भाषा एकदम मृदु होते. केसरांस धक्का लागूं नये म्हणून कमळावर हलकेच पाय ठेवणारा भुंगा, पिलूं दांतांत धरणारी मांजरी, अशा उपमांनीं ते त्या पुरुषाचें चालणें, बोलणें, पाहणें, हात वर्णन करतात. आणि शेवटीं सांगतात कीं, हें सर्व मनांतून आलें आहे, इंद्रियें हीं केवळ त्याचे ओघ आहेत. मांजरीचा दांत आणि उंदराच्या मानेंतील दांत एकच असतो. हिंसा दांतांत नाहीं, हें याहून सोप्या रीतीनें सांगतां आलें नसतें. मतांतरांचा विस्तार फार झाला म्हणून ते श्रोत्यांची क्षमाहि मागतात. तो विस्तार आम्हांस मात्र कमीच वाटतो.

हें सर्व शास्त्र मुरबाडच्या रानांत एकदां प्रत्यक्ष कसोटीस लागलें. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण उर्फ भाई कोतवाल (जन्म १९१२) यांनीं १९४२ च्या चळवळींत आझाद दस्ता उभारला. मुंबईस जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडणें, हें त्याचें मुख्य काम. २ जानेवारी १९४३ रोजीं पहांटे सिद्धगडाच्या जंगलांत पोलिसांच्या गोळीबारांत कोतवाल आणि हिराजी पाटील हे मारले गेले. मनोरा पाडणें ही हिंसा कीं नाहीं, हा वाद त्या वेळीं देशभर चालू होता. किशोरलाल मशरूवाला यांनीं ऑगस्ट १९४२ मध्यें हरिजन पत्रांत, जीवितास धोका न होईल अशा रीतीनें तारा तोडणें, रूळ काढणें चालेल, असें लिहिलें. गांधीजी मे १९४४ मध्यें सुटल्यावर त्यांनीं ही दिशा नाकारली, आणि विशेषतः गुप्ततेवर आक्षेप घेतला.

धर्मशास्त्र या प्रश्नास काय उत्तर देतें? हिंसा ही प्राण्याची. मनोऱ्यास प्राण नाहीं. परक्याच्या वस्तूचा बळानें केलेला नाश हा व्यवहारपदांपैकीं साहस यांत मोडतो. नारदानें साहसाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. शेतीच्या अवजारांच्या नाशापासून विष-शस्त्रानें केलेल्या वधापर्यंत. त्यामुळें मनोरे पाडणारा शास्त्रदृष्ट्या साहसिक ठरेल, हिंसक ठरणार नाहीं. तार तुटल्यामुळें कोणाचा जीव गेला तर मात्र पायरी बदलेल. उलट साहसाच्या अपराध्यासहि विचारणेवांचून मारण्याचा अधिकार स्मृतिकार राजास देत नाहींत, आततायीचा अपवाद सोडून. पहांटे रानांत वेढलेला मनुष्य आततायी होता काय, हा प्रश्न सभेपुढें कधींच आला नाहीं. आमचा निर्णय असा कीं, शास्त्राच्या तराजूंत सिद्धगडावरील हिंसेचें पारडें गोळी झाडणाराकडे अधिक झुकतें.

गांधीजींच्या आक्षेपाचें स्थान मात्र निराळें आहे, व तें बहुधा चुकीच्या खात्यांत मांडलें जातें. गुप्तता ही हिंसा नव्हे; तो सत्याचा प्रश्न आहे. अहिंसा सत्यावर अधिष्ठित, असें जें व्याध सांगतो, त्याच उत्तरार्धाशीं हा आक्षेप जुळतो. दस्त्याच्या बाजूनें कोणी असें म्हणेल कीं, ज्या राज्यानें उघड बोलणाऱ्या सर्वांस एका रात्रींत तुरुंगांत घातलें, त्यापुढें उघडें राहण्याची अट घालणें म्हणजे कामच बंद करणें. या म्हणण्यांत बळ आहे. वाचस्पतीच्या रीतीनें पाहिलें तर दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. पण सिद्धगडाच्या स्मृतीपुढें तो जोड उत्तरार्ध म्हणणें आम्हांस उचित वाटत नाहीं. तेथें ज्यांनीं प्राण दिले, त्यांच्यासाठीं खोट्या वचनाचा आधार घेण्याची गरज नाहीं.

राहतां राहिला त्या चरणाच्या उत्पत्तीचा प्रश्न. तो छापखान्यानंतरचा कीं त्यापूर्वींचा, हें पोथ्यांवरूनच ठरेल. सुभाषितसंग्रह, अनुशासनपर्वाच्या सुट्या पोथ्या, पुराणिकांचीं टिपणें व बाडें यांच्या समासांत असे चरण पुष्कळदां लिहिलेले असतात. ज्या संग्राहकांस हा उत्तरार्ध कोणत्याहि हस्तलिखितांत आढळेल, त्यांनीं पोथीचें नांव, पत्रांक, लेखनशक व स्थल, आणि तो मूळ हातचा आहे कीं समासांत मागाहून घातलेला, एवढें या त्रैमासिकाकडे कळवावें. शक्य असल्यास त्या पत्राचें छायाचित्रहि पाठवावें.